पारंपरिक कडक भाकरी कोण शोधतं?

१

प्रभाकाकूंचं दुकान जवळजवळ रोज दुपारच्या आत गायब व्हायचं, आणि ते कोण गायब करतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुकान म्हणजे वेबसाइट. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी विकणारी. भाकऱ्या जुळे सोलापुरात काकूंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये थापल्या जायच्या आणि गिऱ्हाइकं पुण्याहून, नाशिकहून साइटवर यायची. काकूंनी गुगलवर जाहिरात लावली होती. तिची रीत साधी आहे. आपण काही शब्द निवडायचे. ते शब्द कुणी शोधले की आपली जाहिरात वर दिसते, आणि कुणी तिच्यावर बोट टेकवलं की आपल्या खात्यातून पैसे कापले जातात. दिवसाची ठरलेली रक्कम संपली की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत दिसत नाही. काकूंची रक्कम सकाळीच संपत होती आणि ऑर्डर मात्र जेमतेम येत होत्या.

"हे कुणी केलं ते मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "दिपालीनं. सई, तू फक्त पुरावा काढून दे."

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. छोट्या धंद्यांच्या साइटचे आकडे तपासून देते. उत्तर आधी ठरवून पुरावा शोधायचा नसतो, एवढं तरी तेव्हा म्हणायला हवं होतं. पण त्या दिवशीचं ते माझं तिसरं ठिकाण होतं आणि वाद घालायचं त्राण नव्हतं. मी "बघते" म्हटलं.

दिपाली काकूंकडे फोन आणि कॉम्प्युटर सांभाळायची. आठवड्यापूर्वी काकूंनी तिला शेडमधल्या सगळ्या बायकांसमोर काढून टाकलं होतं. त्यांचं म्हणणं असं: साइट सुरू करताना त्यांनी घरात आणि शेडमध्ये सगळ्यांना शब्द विचारले. दिपालीनं 'होस्टेलसाठी टिकणारी भाकरी', 'प्रवासात नेता येणारी भाकरी' असे शब्द सुचवले. काकूंना ते हलके वाटले, त्यांनी घेतले नाहीत. आता तेच शब्द शोधले की विरेशची जाहिरात वर येते. विरेश म्हणजे काकूंचा जुना भागीदार. भांडून वेगळा झालेला. दिपालीनं त्याला शब्द विकले आणि त्याच्यासाठी क्लिकही तीच करते, असा काकूंचा संशय.

"मग तुम्ही कोणते शब्द घेतले?"

"'शुद्ध ज्वारीची पारंपरिक कडक भाकरी.' अण्णांनी सुचवलेला. सगळ्यात जास्त क्लिक त्यालाच येतात, म्हणून मी सगळी रक्कम त्याच्यावरच लावली. दिपाली पहिल्या दिवसापासून म्हणत होती, हा शब्द काढा. का म्हणत होती ते आता कळतंय."

अण्णा म्हणजे काकूंचे सासरे, गंगाधर तडवळकर. निवृत्त शिक्षक. ते समोरच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. मी आत येताना पन्नाशीचा एक माणूस त्यांच्या पाया पडून "येतो सर" म्हणत निघाला होता. काकू अण्णांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "एका साडीच्या दुकानात दिपालीनं अर्ज केलाय. तिथला मालक सोमवारी मला फोन करणार आहे, मुलगी कशी आहे म्हणून विचारायला. मी त्याला चोर आहे सांगू की नको, ते तुझ्या आकड्यांवर आहे."

२

दिपाली शेळगीत राहायची. दार तिनंच उघडलं. रडलेली वगैरे नव्हती, नुसती दमलेली दिसत होती.

"तुम्ही विरेशना शब्द दिलेत?"

"नाही."

"मग त्यांच्याकडे तेच शब्द कसे?"

"त्यांनाच विचारा की."

तिच्या आईनं चहा आणून ठेवला आणि आत गेली.

"अण्णांचा शब्द काढा असं का म्हणत होतात?"

"ताई, दिवसभर फोन मी घेत होते. एक जण तरी 'पारंपरिक' म्हणेल का? बाई विचारते, पोरगा होस्टेलला आहे, किती दिवस टिकते. एक आजोबा विचारायचे, दात नाहीत, आमटीत मुरते का. 'शुद्ध आहे का' असं विचारणारा एकच भेटला, तो अन्न खात्यातला निघाला."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"हे अण्णांना सांगितलं होतं?"

"सगळ्यांसमोर. म्हटलं, अण्णा, असं पुस्तकातलं मोबाइलवर कोण लिहितं? बायका फिदीफिदी हसल्या. अण्णापण हसले. तेवढंच. पण पुढं बघते तर त्याच शब्दाला क्लिकवर क्लिक. काकू म्हणाल्या, बघ, तू शहाणी की अण्णा? मी म्हटलं, काकू, क्लिक येतात पण ऑर्डर येत नाही, कुणीतरी मुद्दाम करतंय. त्यांनी मनात धरलं की मला अण्णांचं चांगलं बघवत नाही."

"ऑर्डर कधीच आल्या नाहीत?"

"रविवारी थोड्या यायच्या. दिवाळीत आल्या की. लई आल्या. पॅकिंग करून हात भरून आले. मलाही नवल वाटलं. दिवाळीत माणूस चकली खाईल का कडक भाकरी?"

परत येताना माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य राहिलं. ज्याचं कारण सांगता येत नाही, तिथंच काहीतरी असतं.

३

विरेशचं दुकान अक्कलकोट रस्त्याला होतं. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं खुर्ची पुढं सरकवली.

"काकूंनी पाठवलं? बसा की. चहा घ्या. विष नाही त्यात."

"तुम्ही त्यांच्या जाहिरातीवर क्लिक करता का?"

"एकदा केलाय. खोटं कशाला बोलू? काय लावलंय ते बघायला. 'पारंपरिक' वाचलं, हसलो, बंद केलं. रोज बोट झिजवायला मला दुसरा धंदा नाही का?"

"आणि 'होस्टेलसाठी टिकणारी' हे शब्द कुणी दिले?"

"गिऱ्हाइकानं!" त्यानं काउंटरवर थाप मारली. "मॅडम, भागीदार होतो तेव्हा काकूंकडचा फोन मीच घेत होतो. माझ्यानंतर ती पोरगी आली. माणसं तीच, प्रश्न तेच. त्या प्रश्नांचेच शब्द केले. यात चोरी कुठं आली?"

मला हे पटण्यासारखं वाटलं. दोन प्रयोगशाळांत एकच उत्तर निघालं तर एकीनं दुसरीची नक्कल केली असं आपण आधी म्हणत नाही. उत्तर बरोबर असेल असं आधी म्हणतो. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. विरेशला काकूंचा राग होता, आणि काकूंची जाहिरात गेली की त्याची एकट्याची उरत होती.

तेवढ्यात एक बाई स्कूटीवरून उतरल्या. तोंडाचा स्कार्फ सोडत आत आल्या.

"आमच्या मिसेस, पायल," विरेश म्हणाला. "इकडं अक्कलकोट तालुक्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. आज लवकर सुटल्या."

"शनिवार ना, सकाळची शाळा," पायल म्हणाल्या. मी कुणाकडून आले ते कळल्यावर त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "तडवळकरांकडून? सर बरे आहेत का हो?"

"यांचं असंच," विरेश वैतागून म्हणाला. "मी त्या घराचं नाव काढत नाही, आणि ह्या तब्येत विचारतात."

४

रविवारी मी आकडे उघडले.

कोणता शब्द टाकून माणूस जाहिरातीपर्यंत आला, कोणत्या गावातून आला, किती वाजता आला, हे सगळं तिथं दिसतं. माणूस दिसत नाही.

आधी शांतपणे शब्द बघितले. खरी माणसं वेडंवाकडं शोधतात. कुणी 'भाकरी कडक सोलापूर' लिहितं, कुणी 'ती पातळ भाकरी खूप दिवस टिकते ती', कुणी अर्धंच लिहून सोडून देतं. असे शोध होते, पण ते मोजक्याच दिवसांचे आणि बहुतेक संध्याकाळचे, माणसं कामावरून घरी आल्यावरचे. आणि एरवी संध्याकाळी काकूंची जाहिरात नसायचीच.

सकाळचे शोध मात्र सगळे एकच: 'शुद्ध ज्वारीची पारंपरिक कडक भाकरी'. एकाचाही शब्द पुढंमागं नाही. एकही 'पारंपरिक' गाळत नाही. दहा विद्यार्थ्यांनी एकाच तारेची लांबी मोजली तरी दहा जरा जरा वेगळी उत्तरं येतात. सगळी तंतोतंत सारखी आली तर कुणी मोजलेलंच नसतं. एकाचं बघून बाकीच्यांनी उतरवलेलं असतं.

म्हणजे हे वाक्य कुणीतरी दिलं होतं आणि बाकीचे ते चिकटवत होते. बाकीचे, कारण एकाच फोनवरून लागोपाठ केलेले क्लिक गुगल बरेचसे वगळतं. इथं फोन वेगवेगळे असणार.

मग वेळा बघितल्या. सोमवार ते शुक्रवार, सगळे क्लिक साडेदहाच्या आसपास. शनिवारी मात्र साडेसातलाच. रविवारी त्या वाक्यावर शून्य.

मी खुर्चीत मागं टेकून बसले. शत्रू रविवारी सुट्टी कशाला घेईल? दुकानदाराला रविवार नसतो. यंत्राला तर नसतोच. आणि शनिवारी तेच काम भल्या सकाळी कुणाला करावं लागतं?

दिवाळीचे दिवस काढले. लक्ष्मीपूजनाच्या बऱ्याच आधीपासून भाऊबीज उलटून पुढचा आठवडाभर सकाळचा एकही क्लिक नव्हता. जाहिरात दिवसभर टिकली होती, संध्याकाळच्या खऱ्या गिऱ्हाइकांना दिसली होती, आणि भाकऱ्या खपल्या होत्या. दिवाळीमुळे नव्हे. दिवाळीच्या सुट्टीमुळे.

हे शाळेचं वेळापत्रक होतं. आणि गावं होती अक्कलकोट तालुक्यातली.

मी पायलना फोन लावायला घेतला, आणि तेव्हाच यादीचं पुढचं पान उघडलं. अर्धे क्लिक माढा तालुक्यातले होते. त्याच वेळी, त्याच मिनिटांना. एक बाई एकाच वेळी अक्कलकोटला आणि माढ्याला शाळेत कशी असेल?

५

फोन खाली ठेवला. पायल एकट्या नव्हत्या, हे उघड होतं. जिल्ह्याच्या दोन टोकांना बरेच शिक्षक, शाळेत पोचल्या पोचल्या, एकाच वाक्याला बोट लावत होते. त्यांना त्यातून काही मिळत नव्हतं. मग एकच शक्यता उरत होती, ते कुणाचं तरी ऐकत होते. इतक्या शिक्षकांना ऐकायला लावणारा माणूस म्हणजे त्या शिक्षकांचा शिक्षक.

फोन लावला.

"पायल मॅडम, तुमचं डी.एड. कुठं झालं?"

"सोलापूरलाच की. तडवळकर सरांच्या हाताखाली. का हो?"

"सकाळी शाळेत पोचल्यावर मोबाइलवर काय करता?"

पलीकडे त्या हसल्या. "अय्या, ते होय! परिपाठाच्या आधी सरांचं वाक्य टाकायचं, पहिलं जे येईल त्याला बोट लावायचं. ग्रुपवर आहे ना आमच्या. सरांच्या सुनेचं दुकान वर यावं म्हणून. अक्कलकोट, माढा, सगळीकडचे करतो. एखाद्यानं ग्रुपवर हजेरी लावली नाही तर सर नाव घेऊन विचारतात, अभिमन्यू, आज गैरहजर?"

"तुमच्या मिस्टरांना माहीत आहे?"

"अहो, नका सांगू हं!" आवाज एकदम खाली आला. "घरात महाभारत होईल. पण सरांनी सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? माझी पहिली नोकरी सरांच्या शब्दावर लागली."

त्या रोज सकाळी नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचं भलं करायला निघत होत्या आणि नकळत नवऱ्याचंच भलं करत होत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. तेवढी हिंमत उरली नव्हती.

६

सोमवारी सकाळी मी काकूंना आणि अण्णांना व्हरांड्यात एकत्र बसवलं आणि जे सापडलं ते क्रमानं सांगितलं. तेच ते वाक्य, शनिवार, रविवार, दिवाळीची सुट्टी, दोन तालुके. पायलचं नाव घेतलं नाही. गरजही पडली नाही.

"दिपालीनं केलं असतं," मी म्हटलं, "तर तिला काढल्यावर काहीतरी बदललं असतं. एका दिवसाचाही फरक पडलेला नाही. आणि शब्द तिनं विकले नाहीत. विरेशनी ते गिऱ्हाइकांकडून फोनवर ऐकले, तिनंही तसेच ऐकले."

काकूंनी सासऱ्यांकडे बघितलं. अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"प्रत्येक बोटाला पैसे कापतात, हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, जितकी माणसं बघतील तितकं दुकान वर जाईल. वर्गात कसं, जास्त हात वर आले की बाईंचं लक्ष जातं."

"मला विचारायचं तरी, अण्णा."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस." ते पुढं म्हणाले, "खरं सांगू का. ती पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, असं कोण लिहितं. बायका हसल्या. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. वाटलं, माझा हा एक शब्द तरी पास करून दाखवू. आणि झाला ना पास! रोज तू आकडे वाचून दाखवत होतीस, अण्णा, तुमचाच पहिला. बरं वाटायचं."

"दिपालीला काढलं तेव्हा?" मी विचारलं.

त्यांनी मांडीवरचा चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तेव्हा मनात आलं होतं, आपल्यामुळे तर नसेल. पण खात्री करून घेतली नाही. खात्री झाली असती तर बोलावं लागलं असतं."

काकू उठल्या. दाराशी गेल्या, परत आल्या.

"सई, असं कर. तुझ्या कागदावर लिही, बाहेरच्या कुणीतरी क्लिक केले. कोण ते कळलं नाही. दिपालीला मी परत बोलावते. अण्णांचं नाव बायकांत नको. त्यांना सगळे देवासारखे मानतात."

मी काही उत्तर द्यायच्या आत माझा फोन वाजला. दिपाली होती. मी सकाळीच तिला निरोप ठेवला होता की तिचा काही दोष निघालेला नाही.

"येते मी," ती म्हणाली. "पण माझ्यावर आळ सगळ्यांसमोर आला होता. उतरवायचा तर तोही तिथंच. आणि अर्धवट नको, ताई. 'कुणीतरी' म्हणाल्या तर सगळ्या मलाच ते कुणीतरी समजतील."

फोनचा आवाज मोठा होता. काकूंनी सगळं ऐकलं. अण्णांनीही.

७

शेडमध्ये चुली धडधडत होत्या. बायका परातींपुढं बसल्या होत्या. दिपाली दारात उभी राहिली, आत आली नाही. अण्णा व्हरांड्यातच थांबले होते.

काकूंनी पदर खोचला. "ऐका गं जरा. दिपालीनं शब्द कुणाला दिले नाहीत. माझी समजूत चुकली. क्लिक दुसऱ्याच कुणीतरी केले. चूक झाली."

थापण्याचा आवाज थांबला. सगळ्यात जुन्या बजाबाईंनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"चूक झाली, बरं. पन कुनाची? ते बी सांगा की वैनी. न्हाय तर आमी उद्यापासनं एकमेकीच्या तोंडाकडं बगत बसू. त्या दिवशी पोरीला बोल लावला तवा नाव घेऊन लावला हुता."

काकूंनी खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचला. दिपालीनं चप्पल पायात सरकवली.

"माझी."

अण्णा कधी आले ते कळलंच नाही. हात भिंतीला टेकून उभे होते.

"माझी चूक. मी माझ्या विद्यार्थ्यांना रोज तो शब्द शोधायला लावत होतो. माझा शब्द तिनं चुकीचा ठरवला, ते सहन झालं नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. आणि तिला काढलं तेव्हा मला शंका आली होती, तरी गप्प बसलो." त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता, तो तिथंही सगळ्यांपर्यंत गेला. "दिपाली, तू लहान आहेस. तरी माफ कर म्हणतो."

एका तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि बजाबाईंनी ती हातानंच उलटवली.

"अण्णा, तुमी बसा आदी," त्या म्हणाल्या. "पडाल हितं. व्हय, झालं की. सांगितलंत न्हवं? झालं."

दिपाली आत आली. तिनं अण्णांना खुर्ची दिली, मग कॉम्प्युटरपाशी बसली. काकू तिच्यामागं जाऊन उभ्या राहिल्या.

"आजपासूनच लाग," काकू म्हणाल्या. "तुझेच शब्द लाव. होस्टेलचे, प्रवासाचे. संध्याकाळचेच लाव."

"लावून देते. सईताईंना सगळं समजावून ठेवते. म्हणजे पुढची येईल तिला सोपं जाईल."

"पुढची कोण?"

"काकू, माझं नाव आज धुतलं गेलं. बरं वाटलं, खरंच. पण मी इतकी वर्षं इथं होते. तुम्ही त्या दिवशी 'दिपाली, तू केलंस का' असं विचारलं असतंत, तर मी राहिले असते. तुम्ही विचारलं नाहीत." तिनं हे रागावून म्हटलं नाही. राग असता तर काकूंना उत्तर देता आलं असतं.

टेबलावरचा फोन वाजला. दिपालीचा हात सवयीनं पुढं गेला, पण नंबर बघून तिनं तो काकूंकडे सरकवला.

"साडीच्या दुकानाचे मालक," ती म्हणाली.

काकूंनी फोन कानाला लावला. समोरचा बराच वेळ बोलत होता. काकू खिडकीतून बाहेर बघत ऐकत होत्या.

"हो, ओळखते," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच होती. कामाला चोख आहे. प्रामाणिक आहे. गिऱ्हाइक काय विचारतंय ते तिला कळतं." मग समोरून काहीतरी विचारलं गेलं. काकूंनी डोळे मिटले.

"नाही हो. मी नाही काढलं. ती सोडून चाललीय."